रिकामं आकाश

ताऱ्यांमधला ढग तोच, दुर्बीण तीच, तरी हर्षदाच्या मोजणीत कार्बन मोनॉक्साइड माझ्या दुप्पट! गौलीगुडा मोहल्ल्यातली ही कालची पोरगी, आणि सरांनी तिचा आलेख लॅबच्या भिंतीवर लावला. तिची चूक शोधायचीच, असं मी ठरवलं. ढगाच्या वर्णपटातून आम्ही शेजारच्या रिकाम्या आकाशाचा वर्णपट वजा करतो. तिनं ते आकाशच पार दूरचं, भलतीकडचं घेतलं होतं. सापडली एकदाची! मी धावतच सरांकडे गेले. हर्षदाही नेमकी तिथंच होती. सरांनी माझं रिकामं आकाश स्क्रीनवर उघडलं. त्यातही तोच वायू होता. इतके दिवस मी ढगातून ढगच वजा करत होते. "तुला माहीत होतं?" मी हर्षदावर उखडले. ती ओशाळली. "ताई, तेच सांगायला रोज चाय घेऊन तुमच्या टेबलाशी येत होते. तुम्ही मान वर न करताच 'नक्को' म्हणायचात."