कोरडं घर

"चपला बाहेर," म्हातारीने दारातच फर्मावलं. प्लंबरने चपला काढल्या.

तिला न विचारता मुलाने नळांची तपासणी ठरवली होती, म्हणून सकाळपासून तिचं टाळकं सरकलं होतं. घर जुनं झालं, पाईप सडले, चल माझ्याकडे राहायला, हे त्याचं पालुपद ऐकून तिचे कान किटले होते. ती इथून हलणार नव्हती. आज एक गळती जरी सापडली असती, तरी त्याला आयतं निमित्त मिळालं असतं. म्हणून उठल्या उठल्या तिने सिंकखालच्या पाईपला गुंडाळलेलं फडकं सोडलं, गळक्या सांध्यात साबण चोळून बसवला, खालची बादली लपवली. मोरीलगतच्या ओल्या भिंतीला कपाट ढकललं. कंबर धरली, पण भिंत झाकली.

प्लंबरने सगळे नळ एकदम सोडून पाण्याचा जोर पाहिला. मग सगळे बंद करून मीटर फिरतंय का ते पाहिलं. सिंकखाली बॅटरी मारली. म्हातारी त्याच्या पाठीला चिकटूनच.

"काय शोधताय एवढं? सोनं पुरलंय का तिथे?"

"गळती बघतोय, आजी."

"गळायचं ते ह्याचं नाक," तिने दाराशी उभ्या असलेल्या मुलाकडे हनुवटी उडवली. "माझे नळ गळत नाहीत."

मुलाने मोबाईलमधून डोकं वर काढलं नाही.

प्लंबर हात पुसत उठला. "घर ठणठणीत ठेवलंय तुम्ही, आजी. त्या लोकांना सांगतो, डोळे झाकून घ्या."

"कुठल्या लोकांना?"

"घर घेतायत ते. त्यांनीच पाठवलंय मला. आज व्यवहार पक्का करणार आहेत ना?"

नवरा गेल्यावर हे घर तिनेच मुलाच्या नावावर करून दिलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, आपल्या मनाने.

"आई, मी सांगणारच होतो..."

"तू तोंड उघडू नकोस."

ती खाली बसली. सिंकखाली हात घालून तिने सांध्यातला साबण नखाने खरवडून काढला. पाण्याची चिळकांडी थेट प्लंबरच्या अनवाणी पायांवर उडाली.

"आता ते कपाट ओढा," पदराला हात पुसत ती म्हणाली. "मागच्या भिंतीला हात लावून बघा. मग गच्चीवर चला, टाकीची चीर दाखवते. आणि त्या लोकांना सगळं सांगा. एक थेंब लपवायचा नाही."