दोन्हीकडून कडी

दार उघडायची वेळ झाली आणि तिथंच घोडं अडलं. दोन वर्षं चर्चेचं गुऱ्हाळ चालवून दोन्ही शांतता समित्यांचं एकमत झालं होतं ते एवढ्यावरच: दोन वस्त्यांमधल्या भिंतीत लोखंडी दार बसवायचं, आठवड्यातून तासभर उघडायचं, आणि कडी दोन्हीकडून ठेवायची. आधी कडी कुणी काढायची, हे ठरवायचं मात्र राहूनच गेलं होतं. इकडच्या समितीचे अध्यक्ष म्हणाले, "आधी त्यांनी काढावी." भिंतीपलीकडून आवाज आला, "तुमचं होऊ द्या, मग बघू."

वेल्डर आपल्या मशीनजवळ उभा होता. दार त्यानंच केलं होतं, दोन्ही कड्याही त्याच्याच हातच्या. त्या तासातला वेळ असा फुकट चाललेला बघून त्याचा जीव तुटत होता. पलीकडे त्याची मुलगी होती. तिकडच्या मुलाशी तिनं लग्न केलं तेव्हा तो चार दिवस रुसला होता. पण रुसवा निघाला, येणंजाणं सुरू झालं, आणि मग दंगल झाली. भिंत उभी राहिली तेव्हापासून त्यानं तिचं तोंड पाहिलं नव्हतं. घरी तिची आई दुखरे गुडघे धरून घराच्या दाराकडे डोळे लावून बसली होती. भिंतीपासून घर हाकेच्या अंतरावर होतं.

शेवटी कुणाला न विचारता त्यानंच पुढे होऊन कडी सरकवली. "इकडची निघाली हो," तो ओरडला. बऱ्याच वेळानं तिकडचीही निघाली.

भाषणं झाली. अध्यक्षांनी हात मिळवले, फोटोवाल्यानं पुन्हा मिळवायला लावले. फोटो होताच माणसं आपापल्या बाजूला दोन पावलं मागे सरकली.

तेवढ्यात ती दिसली. वाळली होती. वेल्डर उंबरा ओलांडून पलीकडे गेला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवताना त्याला रडू फुटलं.

"ठमे, पोराला नाही आणलंस?"

"आणायला ही काय जत्रा आहे, बाबा?"

"बरं, चल आधी. आई वाट बघतेय. घोटभर चहा घे आणि जा."

ती त्याच्याबरोबर निघाली नाही. तिनं दाराचं पान ओढलं, आपल्या बाजूची कडी लावून पाहिली, काढून पाहिली. मग वाकून जोड तपासला. लहानपणी बापाच्या दुकानातच खेळली होती ती.

"वेल्डिंगचे नुसते टाके मारलेत, की पूर्ण भरलंय?"

"पूर्ण भरलंय. बापाच्या कामावर संशय घेतेस?"

"कामावर नाही हो," ती म्हणाली. "खाली अजून एक कडी लागेल. एकाच कडीवर जोर आला की पान खालून वाकतं. आमच्या घराचं तसंच वाकलं होतं."

"पुढच्या आठवड्यात लावतो. आत्ता चल."

"आत्ताच लावून द्या, बाबा. आमचं घर भिंतीला लागून आहे. आधी भिंत तरी सलग होती."

दार व्हावं म्हणून हा माणूस दोन्ही समित्यांच्या पायऱ्या झिजवत फिरला होता. तो दुकानात गेला, एक जाडजूड कडी शोधून आणली, वायर ओढून पलीकडे घेतली आणि खाली बसला. ती पूर्वीसारखी कडी चिमट्यात धरून, तोंड फिरवून उभी राहिली. ठिणग्या उडाल्या तशी तिकडची दोघंतिघं घाबरून मागे पळाली. मधेच कुणीतरी वेल्डरला निरोप दिला, बायको विचारतेय, पोरगी आली का. "आलीय म्हणावं," तो म्हणाला.

काम संपलं आणि तासही संपला. शिट्टी झाली. वेल्डरनं वायर गुंडाळली आणि तो अलीकडे आला. तिनं दार लावून घेतलं. वरची कडी वाजली, मग खालची.

"बाबा, ढकलून बघा."

त्यानं तळहातानं दार रेटलं. "पक्कं आहे."

"असं नाही. जोर लावा."

त्यानं खांदा लावला. दार जागचं हललं नाही.

"बाबा," पलीकडून ती म्हणाली, "त्या दिवशी तुमच्या माणसांनी आमचं दार ढकललं होतं ना, तसं ढकला."

तुमच्या माणसांनी. पोटची पोर बोलत होती. वेल्डरला सांगायचं होतं की मी नव्हतो गं त्यांच्यात, मी दुकानाचं शटर ओढून आत बसलो होतो. पण हे काही सांगण्याजोगं नव्हतं. अध्यक्ष हार सावरत गाडीत बसत होते. घराकडून बायकोची हाक आली, आणताय ना तिला?

वेल्डरनं चपला काढून बाजूला ठेवल्या. तो मागे मागे गेला आणि धावत येऊन त्यानं सगळ्या अंगानिशी दारावर धडक दिली.

दार थरथरलं आणि थांबलं.

"आणखी एकदा," मुलगी म्हणाली.