कावळा शिवेपर्यंत

कावळा काही केल्या शिवत नव्हता, आणि वाल्मीकला मनातून तेच हवं होतं.

घाटाच्या खालच्या पायरीवर चंदरच्या आईचा पिंड पत्रावळीवर मांडला होता. भोवती भाऊबंद हात जोडून ताटकळत उभे होते. चंदरचं भादरलेलं डोकं उन्हात चकाकत होतं. समोरच्या भिंतीवर कावळे होते, नव्हते असं नाही. पण रामकुंडावरचे कावळे सकाळपासून खाऊन खाऊन माजलेले. ते पिंडाकडे ढुंकूनही बघत नव्हते.

वर सावलीत वाल्मीक, पुंजा आणि सुनील बसले होते. तिघेही चंदरबरोबर सातपूरच्या एकाच कारखान्यात कामाला. दहावा नेमका शनिवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी आला, म्हणून कोणाला रजा टाकावी लागली नव्हती.

हा शनिवार वाल्मीकला खायला उठायचा. दिवाळीत त्याने दारू सोडली, ती खरोखर सोडली. पण दारूबरोबर माणसंही सुटतील हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. बायको मोहिनी शाळेत शिकवायची, तिची सुट्टी रविवारी. मग शनिवारी जायचं कुठे? एवढं अवाढव्य शहर, पण मित्रांनी ग्लासाशिवाय बसावं अशी एक जागा त्यात सापडेना. वाचनालयात पेन्शनर मंडळी पेपरचं एकेक पान वाटून घेऊन बसलेली, तोंड उघडलं की हटकायची. हास्यक्लबात गेला, तर सगळ्यांत स्वतःचे दात असलेला तो एकटाच. बागेत वॉचमन दोनदा येऊन चौकशी करून गेला. सकाळी मिसळ खायला चला म्हटलं, तर सुनील म्हणाला, "सुट्टीच्या दिवशी सकाळ कोणी बघितलीय?" शेवटी एकदा तो त्यांच्याबरोबर परमिट रूममध्ये नुसता सोडा घेऊन बसला. फुकटचा चखणा संपवतो म्हणून चेष्टा झाली, ती त्याने हसण्यावारी नेली. पण बोलता बोलता आपला हात पुंजाच्या ग्लासावर जाऊन टेकलाय हे ध्यानात आलं, तेव्हा तो जो उठला तो परत तिकडे फिरकला नाही.

आणि आज हे दोघे त्याच्या शेजारी बसले होते. आंघोळ केलेले, शुद्धीवरचे.

"पुढल्या साली मी काम सोडतोय," पुंजा एकदम म्हणाला. "थोरल्या भावाला एकट्याला मळा होत नाय. झेंडू लावलाय, तोडायला मानूस मिळंना. माझं बी आता मशीनवर मन लागत नाय."

वाल्मीक बघतच राहिला. "हे कधी ठरवलंस?"

"लय दिवस झाले. बोलनंच झालं नाय कधी."

"अरे, दर शनिवारी तर बसतो आपण," सुनील म्हणाला.

"बसतो की. तिथं तू गातो अन् मी रडतो. बोलतं कोन?"

सुनील हसला. मग इकडेतिकडे बघून त्याने आवाज खाली घेतला. त्याला साखर निघाली होती. घरी अजून सांगितलेलं नव्हतं.

खाली चंदरची मावशी पिंडापुढे वाकून विनवत होती, "आक्का, नातीचं लगीन आम्ही नीट लावून देऊ गं. जीव अडकवू नको." एका कावळ्याने मान वाकडी करून ऐकल्यासारखं केलं आणि तो पिंडाच्या दिशेने उडाला.

शिवू नको रे बाबा इतक्यात, वाल्मीक मनात म्हणाला. कावळा वळून पुन्हा भिंतीवर जाऊन बसला. वाल्मीकला स्वतःचीच लाज वाटली. म्हातारीने त्याला कितीदा गरम भाकरी वाढली होती, आणि तो तिचा खोळंबा करून गप्पा मारत होता. तरी त्याच्याने राहवलं नाही. "मग डॉक्टर काय म्हणाला?" त्याने सुनीलला विचारलं.

सुनील सांगणार तेवढ्यात गुरुजींनी घड्याळ बघितलं. "पुढची मंडळी थांबलीत. आपण दर्भाचा कावळा करू." त्यांनी दर्भ वळला, पिंडाला टेकवला, आणि म्हातारी मोकळी झाली. भाऊबंद हलले. सुनील उठून पँट झटकायला लागला. डॉक्टर काय म्हणाला ते राहूनच गेलं.

गाड्यांपाशी आल्यावर सुनील म्हणाला, "संध्याकाळी बसू नेहमीच्या जागी. वाल्मीक, तू पण ये. सोडा पी."

"आत्ता तर साखरेचं सांगत होतास."

"म्हणूनच. डोक्याला फार ताप झालाय."

वाल्मीकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळभर शहाण्यासारखी बोलत होती ही माणसं. संध्याकाळी यातलं कोणाला काही आठवणार नव्हतं. पण भांडून उपयोग नव्हता. भांडला असता तर उरलेली दोन माणसंही गेली असती.

पुंजाने किक मारली. वाल्मीकने पुढे होऊन त्याच्या गाडीचं हँडल धरलं.

"ऐका ना," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारी सकाळी परत इथेच येऊ. तिघंही. आजच्यासारखं पायरीवर बसू."

पुंजाचा चेहरा उतरला. त्याने सुनीलकडे बघितलं, सुनीलने त्याच्याकडे. मग पुंजाने गाडी बंद केली.

"आता कोन गेलं?" त्याने हळू आवाजात विचारलं.