प्रसादावरचं पाणी

सुतक फिटलं तशी बजाबाईंनी देवापुढं दिवा लावला. जेवणं लवकरच उरकली होती. त्यांचा लेक भीमा रातपाळीला मिलमध्ये गेला होता. सहा वर्षांची लीला न बोलावता देवापुढं येऊन बसली, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. शेजारी तिनं धोंडूपुरती जागा सोडली होती.

तिच्या आईनं, वच्छलानं, खडीसाखरेचा खडा उचलला, आणि हात तिथंच राहिला. दिव्याच्या उजेडात लीलाच्या दाढेवर काळा ठिपका दिसत होता. धोंडूच्या दाढेवर आधी असाच होता.

पहिली लेकरं पाळण्यातच गेली, तेव्हा वच्छला सिद्धरामेश्वराला बोलली होती. पुढचं जे येईल ते तुझं. निजताना रोज तुझा प्रसाद त्याच्या तोंडात घालीन, आणि त्यावर सकाळपर्यंत पाण्याचा थेंब देणार नाही. मग धोंडू झाला, मागं लीला झाली. तापात, पाहुण्यांत, कधी म्हणजे कधी तिनं नेम चुकू दिला नाही. खडा गालात धरून लेकरं झोपी जायची.

धोंडूची दाढ किडली, गाल सुजला, सूज गळ्यात उतरली. दवाखान्यात नेलं तोवर त्याला श्वास पुरत नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, निजताना याला काय देता? तेव्हा वच्छलानं आपला नेम मोठ्या भक्तीनं सांगितला होता. डॉक्टर रागावले नाहीत. रात्रभर तोंडात गोड राहिलं की दात असेच कुजतात, म्हणाले. घरी आणखी लेकरू असेल तर ही सवय मोडा, निजताना चूळ भरवा, मिठानं दात चोळा.

आता नेम मोडला तर देव कोपेल, आणि पाळला तर तो काळा ठिपका. लीला तोंड उघडून बसलीच होती.

वच्छलानं खडा तिच्या जिभेवर ठेवला. तो विरघळेपर्यंत थांबली. मग उठून पाण्याचा तांब्या घेऊन आली.

बजाबाईंच्या ते ध्यानात आलं. धोंडू गेल्यापासून त्यांचा आवाज बसला होता.

"देवाचा परसाद कुनाचा दात खातो व्हय गं, वच्छे?"

"मला न्हाय ठावं, आत्याबाई."

"नातू गेला. आता देवबी घालवतीस?"

वच्छलानं देवाकडं पाहिलं. कोप करायचा तर माझ्यावर कर, एवढंच ती मनात म्हणाली, आणि लीलाला मोरीपाशी घेऊन गेली.

पोरगी ओठ घट्ट मिटून उभी राहिली. परसादावर पाणी चालत नाही, असं आईनंच तिला शिकवलं होतं. आजपासून चालतं, देवाला सांगितलंय, असं वच्छलानं तिला दोनदा समजावलं, तेव्हा कुठं तिनं घोट घेतला. थुंकावा की नाही हे कळेना म्हणून गाल फुगवून आजीकडं पाहत राहिली. बजाबाईंनी तोंड भिंतीकडं फिरवलं. लीलानं चूळ टाकली.

मग तिनं तांब्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं.

"आये, दादा मागत हुता तवा का न्हाय दिलंस?"

वच्छलानं मिठाचं गाडगं पुढं ओढलं.

"त्याची दाढ ठणकायची. तू म्हनलीस, देव बघतोय, नीज."

भिंतीकडं तोंड केलेल्या बजाबाईंचा खांदा हलला. त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला.

वच्छलानं बोटावर मीठ घेतलं, लीलाची हनुवटी धरली आणि दात चोळायला लागली. आधी ती काळी दाढ, मग तिच्या शेजारची, मग पुढचे पांढरेशुभ्र दात. पुन्हा मागं, पुन्हा पुढं. मिठानं लीलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पुरे की, आये. झालं की."

वच्छलाचं बोट थांबेना.