डब्यातले देव

"देवांच्या पाच चांदीच्या टाकांचं वजन पाव किलो तरी भरेल," मानाजी फोनवर म्हणाला. "डबा उचलून बघ एकदा."

"बाबा, मी आजीला भेटायला आलेय. पोलीस म्हणून नाही."

"मग भेट की. पण रविवारी मी गाडी घेऊन येतोय. पूजेत खोट दिसली तर आत्याला वेलचेरीला आपल्या घरी आणायचं. देव न मानणाऱ्याला चांदी म्हणजे नुसती चांदी."

सौम्याने फोन ठेवला. भौतिकशास्त्रातलं एम.एस्सी. संपलं होतं, पीएच.डी.ला वेळ होता, म्हणून बाबांनी तिला वेस्ट मांबलमच्या या फ्लॅटमध्ये चार दिवस पाठवलं होतं. इथे दोनच माणसं राहत. बाबांची आत्या अन्नपूर्णाबाई, वय शहाऐंशी, दृष्टी पूर्ण गेलेली. आणि तिचे जावई विद्याधर, एकोणसत्तर वर्षांचे, मूळचे साताऱ्याचे पण आता रोज तमिळ पेपर वाचणारे, निवृत्त रसायनतज्ज्ञ. त्यांची बायको अलकनंदा, म्हणजे आजीची एकुलती मुलगी, सहा वर्षांपूर्वी वारली. विद्याधरांनी आपल्याच लग्नात भटजींना सांगितलं होतं की देव नाही. तंजावरकडचे नातेवाईक ते अजून विसरले नव्हते.

रोज पावणेसहाला आतून हाक येई.

"विद्याधरराव, उठलात कां? देव खोळंबलेत."

विद्याधर भिंतीला धरून उठत. गार पाण्याने आंघोळ करून, दुखऱ्या गुडघ्याने दोन मजले उतरून स्टेशनजवळच्या बाजारात जात. फुलं ताजीच हवीत, घरपोच येणारी आजीला चालत नसत. परत येऊन भात लावत. आजीच्या माहेरच्या देवांचा डबा पितळेचा, बंद. तो उघडायचा मान घराण्याच्या रक्ताचा. वर्षातून एकदा, चंपाषष्ठीला, आजी दार लावून एकटी उघडे. जावयाने फक्त झाकणावर फूल ठेवायचं आणि मनात एकशे आठ नावं म्हणायची. नैवेद्याचा भात आजीला रक्तातल्या साखरेमुळे वर्ज्य. तो त्यांनी तिच्यासमोर बसून, गरम असताना संपवायचा.

"बाजारांत कोण भेटलं?" ती विचारे.

"फुलवाली. तिच्या मुलीला नोकरी लागली."

"अय्यो, कुठं? नीट विचारलं नाही? उद्यां विचारून या."

सौम्याला एक गोष्ट तपासायची होती. दुसऱ्या दिवशी ती लायब्ररीत जाते म्हणून निघाली आणि फोन रेकॉर्डिंगवर लावून देवांच्या खोलीतल्या कपाटावर ठेवून गेली. संध्याकाळी तिने सगळं पाहिलं. बावन्न मिनिटं. खोलीत ते एकटेच होते. नुसती घंटा वाजवली असती तरी बाहेर आजीचं समाधान झालं असतं. विद्याधर मण्यांवर नावं मोजत होते. एकदा ते थबकले, मान हलवली आणि पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरुवात केली. शेवटी डब्याच्या बिजागरीला खोबरेल तेलाचा एक थेंब लावला.

तिला स्वतःचीच लाज वाटली. रात्री आजी झोपल्यावर, जेवताना तिने सरळ विचारलं, "काका, मनातली नावं आजीला ऐकू येत नाहीत. एखादं गाळलं तर कोण शिक्षा करणार?"

"कोणी नाही," ते म्हणाले. "म्हणून तर स्वतः लक्ष ठेवावं लागतं."

"पण कशासाठी?"

"करतो म्हणून सांगितलंय त्यांना." त्यांनी ताट उचललं. ते सिंकमध्ये ठेवून ते वळले. "रविवारी नेणार आहात ना त्यांना? तुम्ही रक्ताची माणसं, मी काय बोलू. फक्त पोळी जरा मऊ लागते त्यांना. आणि पहाटे कोणीतरी ओ द्यायला लागतं."

शनिवारी दुपारी आजी बाहेरच्या खोलीत वाती वळत बसली होती. विद्याधर पडले होते. सौम्याने देवाची फळी पुसायला घेतली आणि डबा उचलला.

तो हलका होता. तिने तो कानाशी धरून हलवला. आत धातूचा आवाज नव्हता.

बाबा म्हणाले तेच खरं? बाबा उद्या येणार होते. हे कळलं तर आजी वेलचेरीला जाईल, आणि हा माणूस या घरात एकटा, चोर म्हणून, उरेल. ती घराण्याच्या रक्ताची होती. तिने झाकण उघडलं.

टाक नव्हते. चौघडी केलेला एक कागद होता.

डॉक्टरांची चिठ्ठी, सहा वर्षांपूर्वीची. रुग्णाचं नाव विद्याधर. उठत नाहीत, जेवत नाहीत, बोलत नाहीत, जगण्याची इच्छा नाही. खाली सूचना: सहाच्या आत उठवणे. आंघोळ. रोज चालायला पाठवणे. गरम जेवण कोणीतरी समोर बसून खायला लावणे. दिवसभरात काय झालं त्याबद्दल बोलतं करणे. नाही म्हणता येणार नाही असं एक काम सोपवणे.

कागदाच्या मागे आजीचं जुनं अक्षर, तेव्हा दिसत होतं तिला. जुन्या तंजावरकरांसारखी तमिळ अक्षरांत लिहिलेली मराठी: 'माझ्या अलकाला राखलं नाही त्या देवांना समुद्रांत सोडलं. मला आतां देव नाही. विद्याधररावांना कळूं नये.'

फोन वाजला.

"बघितलास डबा?" मानाजीने विचारलं.

सौम्याने डोळे पुसले. "बघितला. पाचही आहेत, बाबा. वजन बरोबर आहे. उद्या येऊ नका."

"कोणाचा फोन ग?" बाहेरून आजीची हाक आली.

"बाबांचा, आजी!"

कागद घाईने घडी करून आत टाकताना तिला मागे चाहूल लागली. विद्याधर दारात उभे होते. तिने डबा ओढणीआड लपवला.

"हळू लाव," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले. "मी तेल घालतो रोज, तरी झाकण वाजतं. आईंना ऐकू गेलं तर त्यांना कळेल, मी वाचलंय ते."