नगाऱ्यावरचं पाणी

घटाची दुसरी माळ होती आणि बाबालालचा रमजानचा पहिला रोजा.

नगारखान्याच्या खिडकीत तो सनई मांडीवर घेऊन बसला होता; पण बसवत नव्हतं. सकाळपासून वारं फिरलं होतं. चार महिन्यांची ओल ओसरून पूर्वेचं कोरडं वारं सुटलं होतं. जोतिबाच्या डोंगरावर ढगाचा ठिपकाही नव्हता.

"सारखा काय बघतोस भाईर?" ज्ञानू गुरवानं विचारलं. "तुज्या बघण्यानं दिवस लवकर बुडतोय व्हय?"

ज्ञानूनं नगाऱ्यावर काठी नुसती टेकवली, तरी कातडं खणखणलं.

पावसाळाभर हेच कातडं ओल्या पोत्यासारखं पडून असायचं. ज्ञानू रोज शेगडी पेटवून नगारा शेकायचा आणि बाबालाल म्हणायचा, "कणसं भाजतोयस व्हय रं? एक हिकडं बी दे की." तेव्हा सनईची पत्ती हवेनंच मऊ असायची, फुंकलं की गायची. आज ती वाळून ताठ झाली होती. पाण्यात बुडवून ओठांत धरावी, तर घशात थेंब उतरेल ही धास्ती. जिभेवर तर ओलावा उरलाच नव्हता.

"म्हाराजांची दसऱ्याची स्वारी निघंपतुर आता माजं राज्य," ज्ञानू म्हणाला. "लई हसलायस मला."

एरवी संध्याकाळचा चौघडा दिवस बुडायच्या आत संपायचा. नवरात्रात मात्र आरतीचं ताट खाली ठेवेपर्यंत सनईचा सूर तुटायचा नाही, अशी रीत. खाली मंडपात बायका कान लावून बसायच्या. म्हाताऱ्या झुंबरबाईला तर एक श्वास कमी पडला तरी कळायचा. सनई तुटली की वरीस वाईट, असं ती सांगायची. बाबालालच्या आज्याची तुटली नव्हती, बापाची तुटली नव्हती. मागच्या वेळी नवरात्र आणि रमजान असे हातात हात घालून आले, तेव्हा बाबालाल रांगत होता. बापानं ते कसं निभावलं, हे विचारायचं राहून गेलं होतं.

धाकटा भाऊ बादशहा शेजारी बसला. त्याचं काम एकच, दुसऱ्या सनईवर एकच सूर धरून ठेवायचा. गालात हवा साठवायची, नाकानं श्वास घ्यायचा, सूर सोडायचा नाही. त्यानं सूर धरला. ज्ञानूच्या काठ्या पडल्या. बाबालालनं सनई ओठाला लावली.

वाजवायचं काय? मल्हार आता शिळा झाला होता. थंडीतलं काही वाजवावं, तर थंडी अजून लांब. या मधल्या दिवसांना आपला असा रागच नाही, असं त्याला दरवर्षी वाटायचं. बोटं कशीबशी पूर्वी रागाकडं वळली. तो एक जागा घ्यायचा आणि ज्ञानू तीच दुपटीनं वाजवून त्याच्या अंगावर परत टाकायचा. पावसाळ्यात बाबालाल पुढं असायचा, ज्ञानू मागून यायचा. आज बाबालाल मागं फरफटत होता.

दिवस बुडाला. खाली आरतीची घंटा सुरू झाली. बायकोनं, इमामबीनं, फडक्यात बांधून दिलेली खारीक आणि पाण्याचा लोटा हाताच्या अंतरावर होता. पण हात काढायचा कसा? एक घोट घ्यायला थांबलं, तर हा खणखणणारा नगारा तेवढा उरणार. त्याच्याखाली बादशहाचा बारीक सूर कुणाला ऐकू येणार?

सनई चिरकली.

मंडपात झुंबरबाईनं मान वर केली.

ज्ञानूनं डाव्या हातानं टिमकीवर ठेका चालू ठेवला. उजवा हात मागं नेऊन खांबाआडून भरलेला तांब्या ओढला आणि नगाऱ्यावर ओतला. तळव्यानं पाणी कातडंभर फिरवलं. पुढची काठी पडली ती मऊ, दबकी. नगाऱ्याचा आवाज खाली बसला आणि त्याच्यामागून बादशहाचा सूर वर आला. भरलेला, रुंद. इतकी वर्षं शेजारी बसून बाबालालनं तो असा ऐकला नव्हता.

ज्ञानूनं हनुवटीनं लोटा दाखवला. "पी की!"

बाबालालनं सनई ओठांतून काढली. खारकेचा तुकडा, दोन घोट, आणि पत्ती पाण्यात. खाली झुंबरबाईनं डोळे मिटून घेतले होते. त्यानं पुन्हा फुंकर घातली, तेव्हा सनई त्या सुराच्या पोटातूनच उगवली. ज्ञानू तिच्यामागून चालत राहिला, ताट खाली ठेवेपर्यंत.

मग बादशहानं सूर सोडला. "भाई, रोजा माजा बी हाय. ठेवलंय का लोट्यात काय?"

बाबालालनं ओशाळून लोटा त्याच्यापुढं केला.

ज्ञानू धोतराच्या सोग्यानं नगारा टिपत होता. कातडं सुरकुतलं होतं. "वाळतंय कशाला ह्ये आता. सकाळच्याला ढबढब वाजंल."

"मग वतलंस कशाला?" बाबालालनं विचारलं.

"आमचा बा म्हणायचा, नवरात्रात रोजं आलं तर खांबामागं तांब्या भरून ठिवावा. का, ते सांगितलं न्हाय. मला वाटलं, पेयाला."

बाबालाल उठला. कोपऱ्यातली शेगडी त्यानं ओढली, कोळसे रचले, विस्तव घातला.

"कणसं न्हाईत हं आज," ज्ञानू म्हणाला.

बाबालाल गाल फुगवून फुंकर घालत राहिला. खिडकीतून वाऱ्याचा झोत आला, राख उडाली. त्यानं वाऱ्याकडं पाठ केली आणि नगारा निखाऱ्यांवर धरला.