विणकर गल्लीतला माणूस

“हमादी स्लाउई. घर नंबर सतरा, विणकर गल्ली, मेकनेस. म्हणा बघू माझ्यामागं, हाजी.”

म्हाताऱ्या बुअझ्झाने म्हटलं. कुठंही अडखळला नाही.

“लक्षात ठेवा,” डॉक्टर म्हणाला. “पाच मिनिटांनी विचारीन.”

ऑलिव्हची साठ झाडं त्या पाच मिनिटांवर टांगलेली होती. पुतण्याने, अब्देलहकने, कोर्टात अर्ज टाकला होता: काका भ्रमिष्ट झालाय, बाग माझ्या ताब्यात द्या. म्हणून कोर्टाने हा डॉक्टर नेमला. अब्देलहक भिंतीला टेकून उभा होता, मयताला आल्यासारखं तोंड करून.

“राजकैदी होता ना, डॉक्टरसाहेब. अकरा वर्षं मार खाल्ला बिचाऱ्याने. डोकं तिथंच नासलं.”

“आणि तुझं कुठं नासलं रे?” म्हाताऱ्याची मुलगी गिझलान म्हणाली.

डॉक्टरने वार विचारला, महिना विचारला, विसापासून उलटं मोजायला लावलं. सगळं बरोबर. म्हाताऱ्याने घड्याळाचं चित्र काढलं, काटेही नीट लावले. पेन्सिल धरलेल्या हाताच्या दोन बोटांना नखं नव्हती. डॉक्टरला ते दिसलं नाही. त्याच्या फॉर्मात नखांचा रकाना नव्हता.

अब्देलहकचा चेहरा उतरला. एकच प्रश्न उरला होता.

डॉक्टरने खुर्ची पुढं ओढली. पेनचं टोपण काढलं. आवाज गोड केला.

“हं, हाजी. त्या माणसाचं नाव काय?”

बुअझ्झाने पेन्सिल खाली ठेवली आणि बोटं मुठीत लपवली.

“बरं, राहतो कुठं?”

“मला माहीत नाही.”

“आत्ताच तर म्हणालात! गल्ली तरी सांगा.”

“असल्या कुणाला मी ओळखत नाही.”

“बा!” गिझलान ओरडली. “सांग ना! येतंय तुला!”

त्याने तिच्याकडं असं पाहिलं, जणू तीच फितूर झाली होती.

डॉक्टरने लिहिलं: नवीन काहीही लक्षात राहत नाही, व्यवहारास असमर्थ. सही केली, शिक्का मारला. अब्देलहकने लगबगीने काकाच्या हाताचं चुंबन घेतलं. आता त्याला तेवढं परवडत होतं.

रस्त्यावर आल्यावर गिझलान हुंदके देऊ लागली. म्हाताऱ्याने तिचं मनगट घट्ट धरलं. मागं पाहिलं, पुढं पाहिलं, मग तिच्या कानाशी वाकला.

“बाग गेली तर गेली. रडत बसू नको. आधी विणकर गल्लीत पळ, सतरा नंबर. हमादीला म्हणावं, आत्ताच्या आत्ता घर सोड. म्हणावं, त्यांच्याकडं तुझा पत्ता आहे.”